परतीची भांडी

१६ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी माझ्या मुलानं, ऋतुराजनं, जानेवारीत दिली. त्याच्या कंपनीची, वर सोनेरी अक्षरं. "अप्पा, रोज चार ओळी लिहीत जा, वेळ जाईल." मी म्हटलं, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून जन्मभर पाण्याच्या पाळ्या लिहिल्या, आता आणखी काय लिहू? डायरी टीव्हीखाली पडून राहिली. माघात माझी बायको रंभा गेली. मग तर डायरीकडं बघायचंही राहिलं.

आज लिहायला घेतली, कारण तक्रार सांगायला घरात माणूस नाही. पूर्वी मी बोलायचो आणि रंभा भाकरी थापता थापता हूं हूं करायची. ऐकायची की नाही देव जाणे, पण बोलून झालं की मला झोप लागायची. भिंतीला सांगण्यापेक्षा डायरी बरी.

तर तक्रार अशी. आज ईद-ए-मिलाद. वरच्या मजल्यावरच्या जैतूनबी जर्दा घेऊन आल्या. जर्दा म्हणजे त्यांचा केशरी गोड भात. देण्याबद्दल माझी ना नाही, पण एकट्या माणसाला पातेलंभर? "भाईसाब, खा लेना, गरम हय," एवढं बोलून जिना चढून गेल्या. दोन्ही वेळ तोच खाल्ला. चांगला होता, पण तो मुद्दा नाही. उद्या गणपती बुडवायचे, म्हणजे उद्या कुणीतरी मोदक आणणार. पुढं नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी. या दिवसांत सणांना धरबंध नसतो.

मुद्दा असा की मला आता नवीन काही अंगावर घ्यायचं नाही. दिवाळीत भाऊबीजेच्या रविवारी ऋतुराज गाडी घेऊन येणार आणि मला कायमचं पुण्याला नेणार. हा जुळे सोलापुरातला फ्लॅट भाड्यानं द्यायचा. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण लागतं, ते मला सापडलं नाही. जाण्याआधी कुणाची वस्तू आपल्याकडं राहता कामा नये, एवढंच माझं म्हणणं. पाण्याचं आवर्तन संपलं की कालव्याचं दार बंद आणि किल्ली खिशात, हा कालव्यावरचा नियम.

१८ सप्टेंबर, बुधवार

पाणी काल येणार होतं, आज आलं. तेही कसं, तर करंगळीएवढं. ज्यानं तालुक्याच्या तालुक्याला पाणी सोडलं त्याच्या नळाला ही धार. असो. आलेल्या पाण्यात पहिल्यांदा जैतूनबींचं पातेलं घासलं. खालची काजळीसुद्धा काढली. त्यांच्या घरातून निघालं तेव्हा ते इतकं स्वच्छ नव्हतं. वर नेऊन दिलं. बाईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. साधं 'अच्छा' नाही, 'ठीक' नाही. काजळी काढणाऱ्याला ही पावती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी जैतूनबी दारात. डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला, मग म्हणाल्या, "भाईसाब, हमसे कुछ गलती हुई क्या?" मी म्हटलं, कसली गलती? "नै, बर्तन खाली भेजे ना तुम. रंभाबाई होती तो कभी नै भेजती थी." मी म्हटलं, भाभी, स्वच्छ घासून दिलंय. त्या "हौ, वो तो हय" म्हणून परत गेल्या.

डोकं उठलं. माळशिरसला आक्काला फोन लावला. आक्का म्हणजे गोजरबाई, माझी थोरली बहीण, रीतिभातीचं चालतं पंचांग. तिनं ऐकून घेतलं आणि सुरू झाली. "आरं येड्या, रिकामं भांडं दिलंस? रिकामं भांडं म्हंजी आता आमच्याकडं येऊ नगा म्हणून सांगणं. रंभा कदी रिकामं पाठवायची का? चिमूटभर साखर तरी घालायची की!"

हे खरं. ती साखर घालायची. मी बघायचो आणि साखर वाया घालवते म्हणून बोलायचो. म्हटलं, ठीक आहे, साखर घालून परत नेऊन देतो, मिटलं.

"साखर? दुखवट्याच्या घरातनं वर्सभर साखर भाईर जात न्हाय. गोड न्हाय, तळण न्हाय, यंदा आपल्यात घट बी न्हाय."

"मग भांड्यात घालू काय? पाणी?"

"ते तुजं तू बग. मला चुलीवर दूद हाय." आणि फोन ठेवला. नियम सांगायला सगळे पुढं, वाट काढायला कुणी नाही. खात्यात वरिष्ठ असेच होते.

२१ सप्टेंबर, शनिवार

जे पातेलं मी घासून परत केलं होतं ते परत आलं. आत दालचा, म्हणजे मटण घातलेली डाळ. "गलती हुई तो माफ करो," असं बाईंचं म्हणणं. आता या पातेल्याला रिकामं धाडता येत नाही, गोड घालता येत नाही, तळून काही घालता येत नाही. ते ओट्यावर बसलंय आणि मी त्याच्याकडं बघतोय.

दालचा भाताबरोबर खाल्ला. त्यातही त्यांनी मटणाच्या फोडी वेचून माझ्यासाठी जास्त घातल्या असाव्यात.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

पहाटे पाचला मंडळाचा स्पीकर सुरू. देवी झोपलेली असली तरी उठून बसली असेल.

दरवर्षी या दिवसात माझ्यामागं एक कटकट असायची. घटाला माती आपल्या वावरातलीच पाहिजे, असा रंभाचा हट्ट. म्हणजे मी माळशिरसला जायचं, पिशवीभर काळी माती एसटीतून मांडीवर आणायची, कंडक्टर विचारणार "बाबा, पिशवीत काय," आणि मी सांगायचं माती. इथं कुंडीवाले काय थोडे आहेत? पण नाही. यंदा ती कटकट वाचली. पाठ दुखत नाही, कपडे मळले नाहीत. सकाळपासून नुसता बसून आहे.

देव्हाऱ्याखाली फरशीवर घटाच्या पाण्याचा गोल काळा डाग आहे. भाडेकरू येणार म्हणून आज घासून काढायला बसलो. ब्रशनं घासला, लिंबू लावलं. जात नाही. इतकी वर्षं एकाच जागी बसल्यावर कसा जाईल?

६ ऑक्टोबर, रविवार

पुण्याला काय न्यायचं ते बाजूला काढतोय. माळ्यावरून स्टीलचे डबे काढले. एकात एक बसणाऱ्या तीन डब्यांचा संच, प्रत्येकावर 'सौ. रंभा रा. वाघमोडे' असं कोरलेलं. त्यातला मधला नाही. सगळं घर उलथंपालथं केलं. मधला नसल्यामुळं लहान डबा मोठ्यात खुळखुळतो, त्या आवाजानं जीव नकोसा झाला. शेवटी मध्ये टॉवेल कोंबला. वस्तू जागेवर ठेवायची या बाईला कधी सवय नव्हती. विचारायची सोयही ठेवली नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज समोरच्या काशम्मांनी मला कामाला लावलं.

काशम्मा तेलुगू. घरात पूर्वी चादरीचे माग होते, मुलाबरोबर इकडं राहायला आल्या. आज त्यांच्या मोठ्या बतुकम्मेचा दिवस. फुलांची शंकूसारखी उतरंड रचायची, तिच्याभोवती बायकांनी टाळ्या वाजवत फेर धरायचा, मग ती पाण्यात सोडायची. आता यात माझं काय? पण सकाळीच दार वाजलं.

"अण्णा, तरवड पाहिजे. रंभाक्का दरसाल माज्याबरोबर येत होती. पोरगा म्हनतो, बाजारात झेंडू मिळतो, झेंडू घाल. झेंडूनं बतुकम्मा होतो का?"

मी म्हटलं, माझ्या घरी दुखवटा आहे, मी फुलांना हात लावणं चालतं का? त्या म्हणाल्या, "झाडाला काय म्हाईत?"

पिशवी घेऊन निघालो. मागचे मोकळे प्लॉट गेल्या वर्षीपर्यंत तरवडानं पिवळे असायचे म्हणे. आता तिथं बांधकामं. पार रस्ता संपेपर्यंत चालत गेलो, काशम्मा मागं धापा टाकत, मी पुढं चिडत. शेवटी एका ओढ्याच्या काठाला झुडपं सापडली. तरवड मला काही नवीन नाही, कालव्याच्या भरावावर हाच असायचा. काठ उतरलो, काटे लागले, पायजमा फाटला. परत आलो तर काशम्मांनी पिशवी फरशीवर ओतली आणि दोन ढीग केले. एक स्वतःकडं ओढला, एक माझ्याकडं सरकवला. म्हटलं, हे काय?

"अर्धी मला, अर्धी घटाच्या माळेला. रंभाक्का असंच करायची."

म्हटलं, यंदा घट नाही. त्यांनी दोन्ही ढिगांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मग मी काय करू तुमच्या फुलांचं? तुमची तुमी न्या." आणि दार लावलं.

आता घट नसलेल्या घरात माळेची फुलं. फेकून देणार होतो. प्लास्टिकच्या मगात पाणी घालून ओट्यावर ठेवली आहेत. सकाळी बघतो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बायकांचा फेर चालला होता. टाळ्यांनी कान किटले. नंतर काशम्मांचं ताट आलं, मलिद्याचं. म्हणजे आणखी एक भांडं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

बिल्डिंगमधली पोरं आपट्याची पानं घेऊन येत होती आणि पाया पडत होती. "आजोबा, सोनं घ्या सोन्यासारखं राहा." एवढ्या पानांचं करायचं काय? एक आपट्याचं झाड अख्खं माझ्या हॉलमध्ये आहे.

फुलं अजून मगात. सुकली तरी पिवळी आहेत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

तळमजल्यावरच्या गायकवाड बाई शाळेत मास्तरीण. परवा दसऱ्याला त्यांची मुलगी खीर देऊन गेली, धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून. आज पुन्हा किटलीभर खीर. मी म्हटलं, बाई, परवाच दिली ना? म्हणाल्या, "परवा तिथीनं होती, आज तारखेनं. चौदा ऑक्टोबर." म्हटलं, एकाच कारणाची खीर एकदाच करता येत नाही का? हसल्या. "काका, खीर नको असेल तर सांगा." नको असं मी कुठं म्हटलं?

मी परवाचीच वाटी अजून परत केलेली नाही. आता वाटी आणि किटली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरी. गच्चीवर आटवलेलं दूध, गाणी, सगळं. मी गेलो नाही. मग दूध खाली आलं, तेही मोठ्या पेल्यात, वर केशर-बदाम. पेला कुणाचा ते आणणाऱ्या पोराला माहीत नाही. म्हणजे मालक शोधण्यापासून काम.

ओट्यावर सध्या पातेलं, ताट, वाटी, किटली, पेला. मला भाकरी थापायला जागा नाही. सोमवारी ऋतुराजचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा, धुऊन देऊन टाका, एवढं काय." त्याला एक समजत नाही आणि मला समजावता येत नाही. आक्काला पुन्हा फोन लावला. आवाज चढवूनच बोललो. म्हटलं, यातून वाट सांग नाहीतर मी सगळी भांडी तुझ्या दारात आणून ओततो.

"वरडतोस कशाला? गोड न्हाय, तळण न्हाय. तिखटाला कुणी काय म्हणलंय का? शेंगाची चटणी कर की. रंभाची चटणी तर निम्मं सोलापूर खात हुतं."

हे तिला सप्टेंबरात सुचलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

शेंगदाणे भाजले. पहिला घाणा जळाला. दुसरा मिक्सरला लावला तर त्याला तेल सुटून लगदा झाला. चपातीला लावायचं लोणी असतं तसा. चटणी करायची तर ती सुटी, जाडसर, खाताना दाताखाली यायला पाहिजे. लगदा मीच खाल्ला. रात्री पोट.

२१ ऑक्टोबर, सोमवार

माळ्यावरून लोखंडी खलबत्ता काढला. तो काय जड. रंभा तो एका हातानं उचलायची.

दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. दुपारी कुटायला बसलो. ठाक, ठाक, ठाक. दोन घाणे झाले असतील, दारात कुणीतरी उभं आहे असं वाटलं. दार उघडंच होतं, काशम्मा. घरात वापरायच्या साडीत, हाताला पीठ, तशाच आलेल्या. मला बघून थबकल्या.

"तुमी कुटता होय," म्हणाल्या.

म्हटलं, मीच. आणखी कोण आहे?

"आवाज आला. मी भाकरी टाकत होती, तशीच आली. वाटलं..." पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या. तिखट उडालं असेल डोळ्यात. मलाही लागलं. म्हटलं, आत येऊन बसा नाहीतर लांब उभ्या राहा. बसल्या. मी कुटत राहिलो. त्या नुसत्या ऐकत बसल्या. तव्यावरची भाकरी जळली असणार त्यांची.

जिन्यात जैतूनबीही दोन पायऱ्या उतरून उभ्या होत्या असं नंतर कळलं. दुपारच्या वेळी आवाज केल्याबद्दल बोलायला आल्या असतील. तशाच वर गेल्या.

मीठ जास्त झालंय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज मोहीम पूर्ण. चटणीचे चार घाणे काढले, शेवटच्यात मीठ बरोबर पडलं. सगळी भांडी घासली, प्रत्येकात चटणी घातली आणि दारोदार फिरलो. गायकवाड बाईंना किटली आणि वाटी, काशम्मांना ताट, जैतूनबींना पातेलं. पेल्याचा मालक सापडला नाही, तो गच्चीच्या जिन्यात चटणीसकट ठेवला. संध्याकाळी बघितलं तर नव्हता, म्हणजे पोचला.

जैतूनबींनी झाकण उघडलं. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडं लक्ष ठेवून होतो. त्यांनी बोटाच्या टोकावर चटणी घेतली, चाखली, आणि "रंभाबाई के हाथ की लगती," म्हणाल्या. मग आत जायला वळल्या, परत वळल्या. "भाईसाब, मेरे पास बी तुम्हारा एक..." आणि थांबल्या. म्हटलं, काय? "नै, कुछ नै. बाद में बोलती." या बायकांना वाक्य पूर्ण करायचा कंटाळा का असतो?

ओटा रिकामा. किती दिवसांनी पूर्ण ओटा दिसला. आज जेवताना हाच विचार करत होतो की आता सुटलो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सुटलो कसला! आज नरक चतुर्दशी. आधी आठवडाभर बिल्डिंगमध्ये वाद, लक्ष्मीपूजन आज की उद्या. दोन कॅलेंडरं, दोन दिवस. काशम्मांकडं आज, आमच्या बाजूला उद्या, आणि फटाके दोन्ही दिवस.

सकाळी सातपासून फराळ. दुखवट्याच्या घरात कढई चढत नाही, म्हणून ज्यानं त्यानं आणून द्यायचं ही रीत मला माहीत आहे. पण रीत किती? शंकरपाळ्या, चकल्या, अनारसे, काशम्मांच्या तांदळाच्या सकीनाल, गायकवाड बाईंच्या करंज्या. मला दात किती आहेत याचा कुणी विचार केलाय?

या वेळी मात्र मी हुशार झालो. चटणीचा मोठा घाणा आधीच करून ठेवला होता. दारातच फराळ वर्तमानपत्रावर ओतून घ्यायचा, त्याच ताटात चटणी घालायची आणि माणूस जिना उतरायच्या आत ताट परत. एकही भांडं आत येऊ दिलं नाही. गायकवाड बाई म्हणाल्या, "काका, ताट पळून चाललं नव्हतं." म्हटलं, मला रविवारी जायचंय. त्यांचं हसू गेलं. "रविवारी? या रविवारी?" म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं की काय मी? सांगितलं असेल. नसेलही.

अर्ध्या तासात सगळ्या बिल्डिंगला कळलं असणार, कारण त्यानंतर जिन्यात कुणी मोठ्यानं बोलेना.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

बॅगा भरल्या. पाडव्याला बायको ओवाळते. दर वर्षी मी म्हणायचो, काय ते लवकर उरक, मला पेपर वाचायचाय. आज सकाळी पेपर वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. एक ओळ आठवत नाही. आता लिहूनच टाकतो, मला ती पाहिजे आहे. ओवाळायला नको, फराळ नको, समोर बसून हूं हूं करायला पाहिजे आहे.

घरात कुणाचं काही राहिलेलं नाही. नीट पाहिलं. फरशीवरचा डाग तेवढा आहे.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ऋतुराज सकाळी आला. दुपारच्या आत निघू, वाटेत माळशिरसला आत्याकडं थांबून तिच्याकडून ओवाळून घेऊ आणि पुढं पुण्याला, असं त्याचं ठरलेलं. बॅगा त्यानंच खाली नेल्या. मी डब्यांच्या संचाची पिशवी हातात घेतली, गॅस बंद पाहिला, पाण्याचा कॉक बंद केला. आणि जैतूनबी आल्या.

हातात डबा. स्टीलचा, मधल्या मापाचा. मला त्यावरचं नाव वाचायला चष्मा लागला नाही.

"भाईसाब, ये तुम्हारा हय. पिछली दिवाळी में रंभाबाई फराळ भेजी थी इसमें. मैं बोली, रमजान ईदेकू शिरखुर्मा भरके देऊंगी. उसके पैलेच वो गयी." बाईंनी डबा दोन्ही हातांनी धरला होता. "रोज देखती थी इसकू. खाली कैसा देती? और भरके किसकू देती?"

मी होतो की घरात, असं तोंडावर आलं होतं. ते बोललो नाही. माघापासून कितीदा त्या जिन्यात समोर आल्या असतील, आणि मी मान खाली घालून बाजूनं गेलो असेन.

"आज तुम जा रहे बोलके सुनी. तो सुब्बू उठके बनाई. ईद की चीज हय, ईद नै हय, क्या करना?"

डबा घेतला. गरम होता. झाकण काढलं तर शिरखुर्मा, वर चारोळी, खारीक. काशम्मा त्यांच्या दारात उभ्या. ऋतुराज जिना चढून येत म्हणाला, "अप्पा, चला की, उशीर होतोय."

आत गेलो. शिरखुर्मा उभ्यानंच खाल्ला, कालवणाच्या पळीनं, कारण चमचे बॅगेत. ऋतुराजलाही दिला. त्यानं डब्यावरचं नाव बघितलं आणि तोही उभ्यानंच खायला लागला.

डबा धुतला. पिशवीतून संच काढला, टॉवेल काढला, मधला डबा मोठ्यात ठेवला, लहान त्यात ठेवला. घट्ट बसले. खुळखुळ बंद. घरातली शेवटची वस्तू घरी आली. कुणाचं काही माझ्याकडं नाही, माझं काही कुणाकडं नाही. आता दार लावायचं आणि किल्ली खिशात, बस्स. मी तिथं उभा होतो आणि मला दार लावता येईना.

मधला डबा परत बाहेर काढला. प्रवासासाठी बरणीत घेतलेली चटणी त्यात ओतली, दाबून भरली, झाकण लावलं आणि वर गेलो. जैतूनबींनी दार उघडलं.

"भाईसाब, ये तो तुम्हाराच डब्बा हय ना?"

"माझाच आहे. चटणी संपली की द्या. घाई नाही."

त्यांनी डबा घेतला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्या. "भरके दूंगी," म्हणाल्या.

खाली आलो आणि ऋतुराजला म्हटलं, बॅगा वर आण. तो बघतच राहिला. "काय झालं?"

"तुझ्या आईचा डबा वर राहिलाय. तो आल्याशिवाय मला निघता येत नाही."

"अप्पा, काहीतरीच काय! त्या देतील पाठवून कुरिअरनं."

म्हटलं, भरलेला डबा कुरिअरनं येत नाही.

तो सोफ्यावर बसला. डोक्याला हात लावला, बायकोला, दिपालीला, फोन केला, बराच वेळ हळू आवाजात बोलला. मग स्वतःच जाऊन बॅगा घेऊन आला. जेवायला काही नव्हतं म्हणून शेंगदाणे भाजायला घेतले, तर समोरून आणि तळमजल्यावरून जेवण आलं. पोरगा संध्याकाळी आत्याकडं गेला, तिथून परस्पर पुण्याला जाईल. आक्काचा फोन आला, म्हणाली, "बरं केलंस," आणि माघात वर्ष उतरल्यावर साखर चालते याची आठवण करून दिली.

काशम्मांची दोन ताटं, गायकवाड बाईंची वाटी. ओटा पुन्हा भरला. उद्या शेंगा आणायला पाहिजेत. आणि तो डबा बाई रमजानला देतात की बकरी ईदेला, कुणास ठाऊक. त्यांना तशी घाई दिसत नाही.